पॅनेल लावलं तरी अपराधी वाटतं, नाही लावलं तरी

"गुरुजी, नमस्कार. मी अकोले तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे. शाळा द्विशिक्षकी, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट २७. जूनमध्ये एका कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून) आम्हाला मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटानं चालणारा टीव्हीसारखा मोठा पडदा, मिळालं. गावाला आनंद झाला, मलाही झाला. आता ग्रुपवर रोज पॅनेल वापरतानाचा फोटो टाकायला सांगितलंय. पॅनेल लावलं की मुलं चिडीचूप, बंद केलं की 'बाई अजून एक, बाई अजून एक' सुरू. पण २७ मधल्या ९ मुलांना अजून साधा परिच्छेद वाचता येत नाही, आणि तीच मुलं पॅनेलवरची गाणी तोंडपाठ म्हणतात. खरं सांगते, कधीकधी मी चौथीला पॅनेलसमोर बसवते आणि तिसरीला शिकवते, आणि मग दिवसभर मनाला लागून राहतं की आपण चौथीला टीव्ही लावून दिला. शेजारच्या शाळेतले सर स्वतः व्हिडिओ बनवतात, त्यांचं यूट्यूब चॅनल आहे, शिक्षण परिषदेत त्यांचं कौतुक होतं. मी जुन्या वळणाची आहे का? पॅनेल किती वापरू, कशाला वापरू? लावलं तरी अपराधी वाटतं, नाही लावलं तरी."

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबलो, नऊ मुलांना परिच्छेद वाचता येत नाही. हा आकडा तुम्हाला पाठ आहे. ती नऊ मुलं कोण, कुठलं अक्षरावर अडलंय आणि कुठलं जोडाक्षरावर, हेही तुम्हाला पाठ असणार याची मला खात्री आहे. मग तुम्ही मागे पडलाय हे डोक्यातून काढून टाका. आता पॅनेलचं बोलू.

मी १९८७ ला नोकरीला लागलो, त्याच साली खडू-फळा योजना आली होती. पुढे शाळेत पेट्या आल्या, विज्ञानाची पेटी, मग गणित पेटी, इंग्रजी पेटी. माझ्या पहिल्या शाळेत या पेट्या कपाटात कुलूपबंद होत्या, कारण डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या रजिस्टरला, नोंद, आणि एखादं भिंग फुटलं तर वसुली कोणाकडून होणार ही भीती. मग टीव्ही आला, पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे, ती धून आमच्या वयाच्या सगळ्यांना आठवते, पण वेळ कार्यक्रमाची आणि वीज बोर्डाची, आमचा धडा तेव्हा कुठे असेल त्याच्याशी दोघांचाही संबंध नव्हता. मग कॉम्प्युटर आले, ते प्लॅस्टिकच्या कव्हराखाली राहिले, यूपीएसची बॅटरी फुगली आणि पासवर्ड ज्यांना माहीत होता त्यांची बदली झाली. मग बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आले, २०१७ ला सरकारचं दीक्षा ॲप आलं, लॉकडाऊनमध्ये रोज अभ्यासमालेच्या लिंका आल्या, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागली. मी हे सगळं बघितलंय, यातलं बरंच मनापासून वापरलंय, आणि एक गोष्ट प्रत्येक वेळी दिसली की वस्तू आली की ती एकतर कुलपात जाते नाहीतर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू राहते, आणि या दोन्हीमध्ये हा प्रश्न राहून जातो की वस्तू चालू असताना मूल काय करतंय.

तुम्ही लिहिलंय मुलं चिडीचूप बसतात. ताई, मला त्या चिडीचूपचीच काळजी वाटते. तिसरीतलं मूल गप्प बसलंय म्हणजे ते शिकतंय असं नसतं, ते बघतंय एवढंच. बघणं वाईट नाही पण बघून वाचता येत नाही, पोहणं बघून पोहता येत नाही तसंच. ज्या नऊ मुलांना गाणी पाठ झालीत त्यांनी काय केलं, ऐकलं आणि लक्षात ठेवलं, खाली अक्षरं पळत होती त्यांच्याकडे बघायची त्यांना गरजच पडली नाही. म्हणजे मुलं हुशार आहेत, लक्षात ठेवायची ताकद भरपूर आहे, फक्त पॅनेलनं त्यांच्याकडून वाचून घेतलं नाही. ते काम त्याला जमतही नाही. ते तुम्हाला जमतं.

तर पहिलं सांगणं असं की व्हिडिओचा आवाज बंद करा.

हे मला योगायोगानं कळलं. सुगरण घरटं विणतेय असा दोन-अडीच मिनिटांचा व्हिडिओ मी तिसरीला दाखवत होतो आणि स्पीकरच चालेना. मी वायरीशी झटतोय आणि मागे मुलांनी स्वतःच बोलायला सुरुवात केली. "ती चोचीनं गाठ मारती." "आरं ती नाही, तो हाय, नर बांधतो." "आमच्या विहिरीवर बाभळीला हायती दहा-पंधरा." मग भांडण, सुगरण म्हणजे बाई मग नर कसा बांधेल. एका पोरानं सांगितलं की नर अर्धं बांधतो, मादी येऊन बघते, तिला पसंत पडलं नाही तर तो ते तसंच सोडून दुसरं घ्यायला लागतो, त्याच्या आज्यानं त्याला दाखवलं होतं. आणि हे अगदी बरोबर आहे, सुगरणीत घरटं नरच विणतो. मी वायर सोडली, खडू घेतला आणि ही मुलं जे बोलत होती ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहीत गेलो. आठ वाक्यं झाली. "आमच्या विहिरीवर बाभळीला सुगरणीची घरटी हायती" हे वाक्य ज्यानं सांगितलं तो पोरगा अजून शब्दांवर अडखळणारा होता. मी त्याला पुढे बोलावलं आणि त्यानं ते वाक्य बोट ठेवून वाचलं, पहिल्यांदा पाठ म्हटल्यासारखं आणि मग "बाभळीला"वर थांबून परत, अक्षरं जुळवत. मग मी शेजारी "आहेत" लिहिलं आणि सांगितलं पुस्तकात हे असं असतं. दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या आल्या तो फळ्यापाशी गेला, वाक्य पुसलेलं होतं, तर म्हणाला गुरुजी माझं वाक्य पुन्हा लिवा.

तुमच्याकडे पॅनेल आहे ताई, तुमचं वाक्य पुसलं जाणार नाही. ज्या पडद्यावर व्हिडिओ दाखवला त्याच पडद्यावर मुलांची वाक्यं लिहा, पान सेव्ह करा, दुसऱ्या दिवशी उघडा, त्या नऊ मुलांकडून आधी त्यांची स्वतःची वाक्यं वाचून घ्या मग शेजाऱ्याची. आठवड्यात अशी दोन पानं झाली तर महिन्यात आठ पानं होतात, झेरॉक्स काढून त्यांना शिवून दिली तर ते त्यांचं पुस्तक. माझ्या मते एका खोलीतल्या पॅनेलचा सगळ्यात मोठा उपयोग हा आहे. आणि यात तुमच्याकडची ठाकरवाडीतली आणि महादेव कोळी समाजातली मुलंही बोलतील, कारण त्यांची भाषा जशीच्या तशी पडद्यावर येईल.

आता चौथीला पॅनेलसमोर बसवून तिसरीला शिकवायचं, ज्याचं तुम्हाला वाईट वाटतं. दोन वर्ग एक शिक्षक, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं, तुम्ही कोणाला फसवत नाही आहात. पण तुमच्या मनाला जे टोचतं ते खोटं नाही, त्याला पुरावा आहे. गुजरातमध्ये ज्ञानशाला नावाची संस्था लहान वर्ग चालवते, तिथं लेह लिंडन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं गणिताचं एक सॉफ्टवेअर तपासलं, २००८ चा अहवाल आहे. सॉफ्टवेअर तेच, मुलं तशीच, फरक एवढाच की काही शाळांत ते शाळेच्या वेळात, बाईंच्या शिकवण्याच्या जागी दिलं, आणि काही शाळांत शाळेच्या वेळेबाहेर जादा वेळ म्हणून. जिथं बाईंच्या जागी दिलं तिथली मुलं, ज्यांना हे सॉफ्टवेअर मिळालंच नाही त्यांच्याहीपेक्षा मागे पडली. जिथं जादा दिलं तिथली पुढे गेली, आणि त्यातही कच्च्या मुलांना जास्त फायदा झाला. मी माझ्या शिक्षक मित्रांना हे नेहमी सांगतो कारण यात सॉफ्टवेअर चांगलं का वाईट हा वादच येत नाही, ते कशाच्या जागी आलं एवढंच बघायचं.

दुसरं एक उदाहरण दिल्लीचं. २०१५ मध्ये सहावी ते नववीच्या मुलांना शाळा सुटल्यावर माइंडस्पार्क नावाच्या कार्यक्रमावर बसवलं, अर्धा वेळ कॉम्प्युटर आणि अर्धा वेळ माणूस शिकवणार, आणि साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही चांगलं सुधारलं. पण ते का जमलं तर तिथं प्रत्येक मुलासमोर त्याचा स्वतःचा पडदा होता आणि सातवीतलं मूल चौथीच्या गणितावर असेल तर त्याला चौथीचंच गणित येत होतं. तुमचं पॅनेल नेमकं हेच करू शकत नाही. सत्तावीस मुलांना एकच व्हिडिओ, एकच वेग. ज्यांना येतं ते बघतात आणि ज्यांना येत नाही तेही बघतात. आपल्या स्तरावर शिकायची सोय तुमच्या वर्गात पॅनेलपेक्षा गटांनी होईल, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हे स्तर तुम्हाला माहीतच आहेत, प्रथम या संस्थेनं यावर वर्षानुवर्षं काम केलंय आणि त्याला लागतात कार्डं आणि सतरंजी. ती नऊ मुलं तिसरी-चौथी न बघता रोज अर्धा-पाऊण तास एकत्र बसवा, तुमच्याजवळ.

मग त्या अर्ध्या तासात बाकीच्या अठरांनी काय करायचं? इथं पॅनेल कामाला येतं, पण नुसतं चालू करून नाही. आधी फळ्यावर तीन प्रश्न लिहा, मग दहा मिनिटांचा व्हिडिओ, मग बंद, मग जोडीत बसून वहीत उत्तरं, आणि एक मुलगा किंवा मुलगी पॅनेलचा मॉनिटर, जो मधे थांबवेल आणि पुन्हा लावेल. प्रश्न आधी दिला की डोळे शोधायला लागतात. आणि प्रश्न असा द्या की ज्याचं उत्तर व्हिडिओत सरळ बोललेलं नाही. हे पहिले आठ दिवस विस्कटेल, गोंधळ होईल, तुम्हाला उठून जावं लागेल, नंतर बसेल. आणि ज्या दिवशी तुमच्या अंगात ताप आहे, दुसरे सर मीटिंगला गेलेत आणि चारही वर्ग तुमच्या गळ्यात आहेत, त्या दिवशी एक चांगली गोष्ट लावून दिली तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पॅनेल कशासाठी खरंच हवं ते आता सांगतो, कारण मी त्याच्या विरोधात नाही. जे वर्गात आणता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, फार हळू होतं किंवा फार पटकन होतं, ते पडद्यावर दाखवावं. अकोले तालुक्यातल्या मुलांना सह्याद्रीचे कडे रोज दिसतात, समुद्र दिसत नाही, भरती-ओहोटी दाखवा. हृदय कसं धडधडतं ते दाखवा. फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळायचे प्रयोग, आहेत, कोलोरॅडो विद्यापीठाची, फुकट आहेत, मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून ठेवली की इंटरनेट लागत नाही, त्यात अपूर्णांकाचे तुकडे मुलांना स्वतः हलवता येतात. पण अपूर्णांकाला आधी कागद घ्या. मी ॲनिमेशनवर विश्वास ठेवून एकदा फसलोय, सगळा वर्ग गाणं म्हणत होता आणि मग विचारलं एक तृतीयांश मोठा का एक चतुर्थांश, तर निम्म्याहून जास्त हात एक चतुर्थांशाला वर गेले कारण चार तीनपेक्षा मोठे. वहीच्या कागदाची पट्टी घडी घालून फाडली, दोन्ही तुकडे शेजारी ठेवले, मग पटलं. त्यानंतर पडद्यावरचे तुकडे त्यांना समजायला लागले.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, हात आधी आणि पडदा नंतर. चौथीच्या परिसर अभ्यासात प्राण्यांचा जीवनक्रम आहे, फुलपाखरू आहे. याचे व्हिडिओ ढिगानं आहेत आणि दोन मिनिटांत अंड्यापासून फुलपाखरू होतं, मुलं वा वा करतात आणि विसरतात. एका वर्षी मी आधी रुईचं झाड शोधलं. रुईवर ते केशरी-काळं फुलपाखरू अंडी घालतं, अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची असते. दोन अळ्या पानासकट मोठ्या बरणीत ठेवल्या, तोंडाला फडकं बांधलं, पानं मीच तोडायचो कारण रुईचा चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो. मुलं रोज लेंड्या मोजायची, पानं किती खाल्ली ते लिहायची. कोष झाला, हिरवा, कानातल्या डुलासारखा लटकलेला. मग एका सकाळी आम्ही शाळा उघडली तर कोष रिकामा, आणि फुलपाखरू पंख वाळवत फडक्याला चिकटलेलं. ती साधारण सकाळी लवकरच बाहेर येतात. मुलं इतकी हळहळली की गुरुजी आम्ही बघितलंच नाही, बाहेर आलं कसं. तेव्हा मी व्हिडिओ लावला. ताई, त्या दिवशी तीस सेकंदांचा तुकडा मुलांनी सात वेळा लावायला लावला. कोष कुठून फाटतो, पंख आधी किती लहान असतात, ते पोट का हलवतं, प्रश्न संपेनात. व्हिडिओ तोच होता जो मागच्या वर्षीच्या मुलांनी एकदा बघून सोडून दिला होता.

आता तुमच्या खिशातल्या मोबाईलबद्दल, कारण माझ्या मते शिक्षकाच्या हातात पॅनेलपेक्षा तो जास्त उपयोगाचा आहे. त्यातला साधा रेकॉर्डर वापरा. शनिवारी सकाळची शाळा असते, जरा निवांतपणा असतो, एकेका मुलाला जवळ घ्या, एक मिनिट वाचायला लावा आणि रेकॉर्ड करा. महिन्यातून एकदा. मूल स्वतःचा आवाज ऐकतं तेव्हा त्याला स्वतःच कळतं कुठं अडखळलो, माझ्याकडे एक मुलगी प्रत्येक पूर्णविराम ओलांडून धावत वाचायची, दहा वेळा सांगून ऐकलं नाही, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाली मी श्वासच घेत नाहीये. पालक येतात तेव्हा जूनचं आणि ऑक्टोबरचं लागोपाठ ऐकवा, प्रगतिपुस्तकातली श्रेणी ज्यांना समजत नाही त्यांना हे समजतं. मोबाईल पॅनेलला जोडता येत असेल तर एखाद्या वहीचा फोटो मोठा करून दाखवता येतो, वजाबाकीत हातचा कुठं चुकला ते सगळ्यांना एकदम दिसतं, फक्त नाव झाका आणि मुलाला विचारून घ्या, नाहीतर ते मूल पुन्हा वही द्यायचं नाही.

वर्गाला समजलं का हे तपासायला प्लिकर्स नावाचं एक साधन आहे, प्रत्येक मुलाकडे छापलेलं काळं-पांढरं कार्ड, उत्तराप्रमाणे ते फिरवून धरायचं आणि तुम्ही मोबाईलनं वर्ग टिपला की कोणाचं बरोबर कोणाचं चूक ते कळतं, मुलांकडे मोबाईल लागत नाही. चांगलं आहे. पण पाटीही तेच करते. "लिहा, झाका, आता वर करा" म्हटलं की सत्तावीस उत्तरं एका नजरेत दिसतात. नोंद ठेवायची असेल तर प्लिकर्स, नाहीतर पाटी. गुगलचं रीड अलाँग मराठीत आहे, मूल मोठ्यानं वाचतं आणि ते ऐकून चूक दाखवतं, ज्याच्या घरी शांतता आहे आणि मोबाईल हातात मिळतो त्याला उपयोगी, पण भरलेल्या वर्गात त्याला शेजारच्या मुलाचाही आवाज ऐकू येतो आणि बोलीतला उच्चार ते चूक धरू शकतं, तेवढं लक्षात ठेवा. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा, मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि छापून वाटायलाही परवानगी आहे.

चॅटजीपीटीसारखं एआय तुमच्या तयारीसाठी वापरा, मुलांसमोर नको. प्रश्नसंच, सरावाची उदाहरणं, एकाच धड्यावर सोपे-अवघड प्रश्न, यात वेळ खरंच वाचतो. पण प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय वर्गात नेऊ नका. मी जोडाक्षर नसलेला परिच्छेद मागितला होता, तिसऱ्याच ओळीत "सुट्टी" आणि "मित्र" आले. ज्या मुलासाठी तो परिच्छेद हवा होता त्याच्यासाठी याच दोन भिंती आहेत.

घरचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवावा का असं तुम्ही विचारलं नाही पण पुढे विचारलं जाईलच. असर या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १६ वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो त्यातल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. ही मोठी मुलं. तुमच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा मोबाईल बापाच्या खिशात असतो आणि बाप संध्याकाळी उशिरा येतो. ज्या घरी मोबाईल नाही त्या मुलाला सकाळी वर्गात उभं राहून "मला नाही मिळालं" म्हणावं लागेल असा अभ्यास देऊ नका.

आता रोजच्या फोटोचं. तुमच्यावर वरून सांगणं आहे, मोडून काढा असं मी घरी बसून म्हणणार नाही, नोकरी तुमची आहे. पण फोटो कशाचा काढायचा हे तुमच्या हातात आहे. मुलांनी सांगितलेली आणि पॅनेलवर लिहिलेली वाक्यं असतात ना, त्या पानाचा फोटो टाका, एखादं मूल पाठमोरं त्यावर बोट ठेवून वाचतंय असा. चेहरे टाळा, ग्रुपवर गेलेला फोटो कुठं फिरेल सांगता येत नाही आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती धरलेली आहे. आणि केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, येतील तेव्हा पॅनेल दाखवायच्या आधी ती नऊ नावांची यादी त्यांच्यासमोर ठेवा, जुलैला कोण कुठं होतं आणि आज कुठं आहे. मी बरेच केंद्रप्रमुख बघितले, त्यातले बहुतेक स्वतः शिक्षकच होते, मूल वाचायला लागलेलं बघून त्यांना मनापासून आनंद होतो. फोटो रोजचा नको, आठवड्याला पुरे, हे शिक्षण परिषदेत तुमच्यासारखे चार-पाच जण एकत्र म्हणाले तर ऐकलंही जाईल.

शेजारच्या सरांशी स्वतःला ताडून बघू नका, त्यापेक्षा त्यांच्याकडे जा. आपल्याच राज्यातले रणजितसिंह डिसले, सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणायच्या त्यांच्या कामाची दखल घेतली गेली, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, दहा लाख डॉलर, आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्यांना वाटायची ठरवली. पुरस्काराच्या पलीकडे बघा, त्यांनीही सुरुवात स्वतःच्या वर्गातल्या अडचणीपासून केली होती. तुमच्या शेजारच्या सरांना व्हिडिओ बनवता येतो आणि तुम्हाला नऊ मुलांची नेमकी अडचण सांगता येते. त्यांना म्हणा, सर, मला "प्र" आणि "र्प" मधला फरक दाखवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ हवाय, माझ्या चार मुलांचा तिथं गोंधळ होतोय. त्यांनाही आवडेल, कारण चॅनल चालवणाऱ्याला काय बनवावं हा प्रश्न रोज पडलेला असतो.

थोडं व्यवहाराचं, पटकन. पॅनेलची वॉरंटी किती, बिघडलं तर फोन कोणाला, हे कंपनीकडून लेखी घ्या आणि कागद फाईलला लावा. पासवर्ड दोघांकडे ठेवा आणि मुख्याध्यापकांच्या वहीतही लिहा. विजेचं बिल वाढणार, ते कुठून भरायचं हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्याच सभेत घ्या, शाळांची वीज बिलापायी तुटते हे आपण बघितलंय. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की प्लग काढा. लागणारे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा, रेंजच्या भरवशावर तास ठेवू नका. आणि डेडस्टॉकच्या भीतीनं मुलांचे हात पॅनेलपासून लांब ठेवू नका, ती काच मुलांनी हात लावावा म्हणूनच आहे, हात धुवून लावायला शिकवा म्हणजे झालं.

किती वापरू असं विचारलंत. घड्याळ मी सांगणार नाही, पण तासाला दहा-बारा मिनिटांच्या वर पडदा चालू राहिला तर मी स्वतःला विचारायचो की मघापासून एकतरी मूल बोललं का, काही लिहिलं का. नसेल तर बंद करायचो. सुरुवातीला "अजून एक" होतंच, दोन आठवडे धरा.

या शनिवारी त्या नऊ मुलांचं पहिलं रेकॉर्डिंग करून ठेवा, सुरुवातीला तारीख आणि मुलाचं नाव तुमच्या आवाजात बोला, नाहीतर नंतर कोणाचं कुठलं ते सापडत नाही. दुसरं दिवाळीच्या सुट्टीआधी करा, दोन्ही लागोपाठ ऐका आणि मला कळवा. आणि रुईची पानं तोडायच्या आधी उलटी करून बघा, अंडी बहुतेक खालच्या बाजूला असतात, मोहरीपेक्षा लहान.